गच्चीवरून आलेली तिसरी लाइन

चाकणच्या ज्या कंपनीत मी नेटवर्क सांभाळते, तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. माल भरलेला ट्रक गेटबाहेर पडायचा तर त्याचं चलन आमच्या सर्व्हरवर तयार व्हावं लागतं. चिखली-भोसरीतले सप्लायरही आपापल्या शेडमध्ये बसून त्याच सर्व्हरवर मालाची नोंद करतात. तो सर्व्हर बाहेरच्यांना कायम सापडत राहिला पाहिजे, हे माझं काम. ते नीट चाललं की मी कंपनीत आहे हेसुद्धा कोणाला आठवत नाही.

सर्व्हर रूमला खिडकी नाही. एसीच्या घरघरीत दिवस जातो, डबाही मी तिथेच उघडते. सुरुवातीला कॅन्टीनमध्ये जायचे, पण मशीनवर काम करणाऱ्या बायकांचं एक टेबल, ऑफिसातल्यांचं दुसरं, आणि मी दोन्हीकडे पाहुणीच. संध्याकाळी कंपनीच्या बसने पुनावळ्याला. फ्लॅटमधली मैत्रीण लग्न करून गेली, तिच्या खोलीत आता मी कपडे वाळत घालते. आईवडील परभणीला. फोन दिवसभर वाजतो, पण बहुतेक मेसेज राउटरचेच. लिंक गेली, लिंक आली.

आमच्याकडे इंटरनेटच्या दोन लाइन होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक पडली की दुसरीने काम उचलायचं. आतल्यांना बाहेर जायला कुठलीही लाइन चालते. अवघड असतं ते बाहेरच्यांना आपल्यापर्यंत आणणं. जुना रस्ता बंद झालाय आणि आता इकडून या, हे त्यांच्या यंत्रांना आपोआप कळावं लागतं. ती सगळी जुळणी मी स्वतः केली होती, दोन्ही लाइन आळीपाळीने बंद करून पाहिल्या होत्या. मला पक्का भरवसा होता.

मग रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि एके सकाळी दोन्ही लाइन एकदम गेल्या. ट्रकांची रांग गेटपासून पार हायवेला लागली. प्लांटचे साहेब माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, मग दोन लाइन घेतल्या कशाला?"

दुपारी लाइनमनबरोबर मी केबलच्या मागावर पायीच निघाले. नाल्यावरच्या छोट्या पुलाशी जेसीबीने चर खणला होता. त्यात आमच्या दोन्ही केबल तुटून पडल्या होत्या. पुलावरून जाणारा पाइप एकच, म्हणून दोन्ही कंपन्यांनी आपली केबल त्यातूनच नेलेली. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं.

तिसरी लाइन हवेतून आणायची ठरली. कंपनीसमोरच्या टेकडीच्या उतारावरच्या गावात आळंदीच्या बाजूने एक वेगळी फायबर केबल येत होती. तिथल्या एखाद्या गच्चीवर एक डिश आणि तिच्या थेट समोर आमच्या शेडवर दुसरी. मध्ये काही आडवं नको. तशी गच्ची एकच सापडली.

घर एका म्हाताऱ्या काकांचं होतं. जन्म त्याच गावातला, उभी हयात पिंपरीच्या कारखान्यात प्रेस मशीनवर गेलेली. त्या आवाजात त्यांचा डावा कान गेला होता. बायको वारलेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. मी उजव्या हाताला बसून त्यांना सगळं समजावलं.

"म्हंजी तुमच्या लाइनी बंद पडल्या की माझ्या घरावरनं जाणार?"

"हो काका. कंपनी भाडं देईल."

"भाड्याचं बघू. पर ते यंत्र बघाया कुणी येत ऱ्हाणार ना?"

डिश ठीक आहे की नाही, हे मला माझ्या टेबलाशी बसून दिसतं. तरी मी म्हणाले, "मीच येईन."

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. त्या दिवशी मी जायला लागले. डिश पुसायची, एखादा स्क्रू उगाच पिळायचा, मग खाली येऊन त्यांचा गोडमिट्ट चहा. बोलणं फार होत नसे. कधी ते विचारायचे, "घरी कोण असतं?" मी "कोणी नाही" म्हटलं की मान हलवून दुसरा कप भरायचे.

पावसाळा सरता सरता एका दुपारी दोन्ही केबल पुन्हा तुटल्या. स्क्रीनवर दोन लाल खुणा आल्या आणि तिसरी लाइन भरून वाहू लागली. चलनं निघत होती, सप्लायरच्या नोंदी येत होत्या. कंपनीत कोणाला पत्ताच लागला नाही. मी गेटवर जाऊन उभी राहिले. ट्रक जात होते. गार्डला म्हटलं, "दोन्ही लाइन गेल्यात, तरी बघा." तो म्हणाला, "हो का मॅडम?" आणि पुढच्या ट्रकचा नंबर लिहायला लागला.

मग मी काकांना फोन लावला. "काका, सगळं तुमच्या गच्चीवरून चाललंय!"

"काय?"

"तुमच्या गच्चीवरून!"

ते म्हणाले, "गाड्या निघाल्या का?"

"निघतायत. आत्ताच एक गेली."

"थांब, म्या वर जातो."

शिफ्ट सुटल्यावर मी बस सोडून दिली आणि रिक्षाने थेट त्यांच्याकडे गेले. ते गच्चीवर डिशजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर काठी.

"कावळं बसत्यात त्याच्यावर," ते म्हणाले. "लाइन तुटली असती म्हंजी?"

कावळ्याने लाइन तुटत नाही. मी म्हणाले, "बरं झालं बसलात. जेवलात का?"

"न्हाई. कोन होतं इथं बसाया?"

त्यांच्या स्वयंपाकघरात मी पिठलं केलं, भाकरी शेजारच्या काकूंनी दिल्या. जेवताना ते पहिल्यांदाच भरभरून बोलले. बायको गेल्यानंतर त्या घरात दोन ताटं मांडली नव्हती, असं म्हणाले.

पुढच्या वर्षी कंपनीने सगळे सर्व्हर मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये हलवले. तिथे लाइनी भरपूर, माणसं भरपूर. तिसरी लाइन बंद करायचा आदेश आला आणि डिश उतरवायला मीच गेले. खाली चहा देताना काका म्हणाले, "आता तुझं काम न्हाई हितं."

"काम नसलं तरी येईन."

आणि गेलेही, काही गुरुवार. मग दिवाळीत परभणीला गेले, परतल्यावर तापाने पडले. त्यानंतर गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. त्यांचा फोन लागेना. शेजारच्या काकू बाहेर आल्या. मुलगा येऊन त्यांना ऑस्ट्रेलियाला घेऊन गेला होता, सगळं घाईघाईत झालं.

काकूंनी मला नीट पाहिलं. पिठल्याच्या दिवशी भाकरी न्यायला मी गेले होते, पण अंधारात त्यांनी चेहरा पाहिला नसावा.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

मी म्हणाले, "कंपनीतून आलेय."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या. मी पायरीवर बसून पाणी प्यायले आणि उतार उतरून स्टॉपकडे निघाले.