परवाची सभा

माझ्या ताईनं आयुष्यभर दोनच कामं केली. लोकांच्या कवळ्या केल्या आणि लोकांची तोंडं बंद केली. दुसरं काम पहिल्याच्या ओघात व्हायचं. कवळीचं माप घ्यायचं तर गुलाबी लगद्यानं भरलेला ट्रे तोंडात दाबून धरावा लागतो, आणि तो घट्ट होईपर्यंत चार मिनिटं समोरच्याला हूं की चूं करता येत नाही. दवाखान्यातले डॉक्टर हे काम ताईवर सोपवून मोकळे व्हायचे. त्या चार मिनिटांत ताई गोष्ट सांगायची.

गोष्ट एकच, तरुणपणी वाचलेल्या एका जाडजूड कादंबरीतली. तिच्यात एक ड्रॅगन होता. एका पेशंटला जिथे सोडली तिथून ती दुसऱ्याला पुढे सांगायची, त्यामुळे कुणालाच आगापिछा कळायचा नाही. पण विचारणार कोण? ट्रे निघाला की लोक चूळ भरायचे, थुंकायचे आणि घर गाठायचे. "अरे, भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता," असं ती मला एकदा म्हणाली. तेव्हा मी हसलो होतो.

म्हणून तिनं वाचक मंडळ काढलं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, दाढेच्या भल्यामोठ्या चित्राखाली आम्ही पाच जण बसायचो. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सर्व्हेअर, त्याशिवाय भूगोलाच्या बाई, लॉन्ड्रीवाला, ताई आणि चिटणीस म्हणून मी. नियम एवढाच, की कादंबरीत यान तरी हवं नाहीतर राक्षस तरी. अकरा वर्षांत आम्ही काय काय वाचलं! एका ग्रहावर नुसते वकीलच राहतात, अशीही एक वाचली. ताईची कादंबरी मात्र दरवर्षी तीन विरुद्ध दोन मतांनी पडायची. दुसरं मत लॉन्ड्रीवाल्याचं, तेही सगळ्यांना उघड सांगून, कारण त्याची खालची कवळी ढिली होती आणि त्याला ताईशी वैर परवडणारं नव्हतं.

विरोधातलं एक मत माझं होतं. आता झाकून काय ठेवायचं? चिठ्ठ्या गुप्त असायच्या आणि कादंबरी नऊशे बारा पानांची. मी नळांचे मीटर वाचतो. दिवसभर वाचून घरी आलेल्या माणसाला आणखी वाचवत नाही. आणि प्रत्येक वेळी ताईचं सांत्वन करायलाही मीच पुढे!

यंदा ती म्हणाली, "या खेपेला नाही ठरली तर मंडळ सोडते मी. बोलायचंच असेल तर माझी खुर्ची आहे." आवाज अगदी साधा होता, त्यामुळे मला जास्तच लागलं. यंदा तिला मत द्यायचं, असं मी ठरवलं. म्हणजे जवळजवळ ठरवलंच होतं.

तेवढ्यात अध्यक्षांनी दवाखान्याच्या दारावर सूचना लावली: 'पुढची कादंबरी ठरवण्यासाठी सभा – परवा, सायंकाळी पाच वाजता.' जन्मभर लोकांच्या जमिनी इंचाइंचानं मोजलेला माणूस, पण तारीख घालायची राहिली. झालं! जो वाचेल त्याचा परवा तिथून सुरू. लॉन्ड्रीवाल्यानं सोमवारी वाचली आणि तो बुधवारी आला. बाकावर दाढा धरून बसलेले चार अनोळखी लोक बघून परत गेला. मी बुधवारी वाचली, म्हणजे माझी सभा शुक्रवारी. अध्यक्ष स्वतः रोज फिरायला जाताना आपलीच सूचना वाचायचे आणि "अजून अवकाश आहे" म्हणून पुढे जायचे.

गुरुवारी ती भूगोलाच्या बाईंनी वाचली. बाईंचा स्वभाव असा, की कुठलाही परवा त्यांना होऊन गेलेलाच वाटतो. त्या तडक आत शिरल्या. "परवा सभा झाली आणि मला कळवण्याची कुणाला गरज वाटली नाही? काय ठरलं?"

ताईचा एक हात पेशंटच्या जबड्यात होता. जन्मात ती कधी खोटं बोलली नव्हती, पण म्हणाली, "ड्रॅगन."

पुढचं सगळं आपोआप घडलं. आपण सभेला नव्हतो हे बाईंना कबूल करवेना. त्यांनी लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं, "शेवटी माझ्याच मतानं ठरली." लॉन्ड्रीवाल्याची एकही सभा चुकलेली नव्हती. तो म्हणाला, "हो तर, मी तुमच्या शेजारीच होतो की!" अध्यक्षांच्या कानावर गेलं, तेव्हा अध्यक्षांशिवाय सभा झाली असं कसं म्हणायचं? त्यांनी मला इतिवृत्त लिहायला लावलं आणि आपलं वीस मिनिटांचं भाषणही त्यात घालायला लावलं. मी लिहिलं, 'निवड एकमताने.' ताईनं ते दोनदा वाचलं.

"तू होतास सभेला?"

"होतो ना."

"मग बहुतेक मीच नव्हते," ती म्हणाली आणि प्लास्टर कालवायला लागली.

आता वाचणं आलं. महिनाभर मी घाण्याला जुंपल्यासारखा वाचत होतो. चाळिसाव्या पानावर ड्रॅगन मेला. मला वाटलं, उठेल पुन्हा. कसला उठतोय! उरलेली आठशे बहात्तर पानं दोन राजपुत्र एका पुलावरून भांडत होते. पण माझ्या वरच्या दातांचं माप घेताना ताईनं मला सांगितलं होतं, की ड्रॅगनचे सगळे दात पडले आणि तो पंखानं तोंड झाकून गावोगाव फिरायला लागला. ते पान कुठे होतं?

चर्चेच्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर पुस्तक. बाईंनीच सुरुवात केली, "ताई, हा तर मेला की हो! मला तुम्ही सांगितलं होतं, तो शाळेत रात्रपाळीचा पहारेकरी झाला म्हणून."

"पहारेकरी?" लॉन्ड्रीवाला उसळला. "छे! तो धोब्याकडे राहिला. वाफ काढायला. माझ्या खालच्या कवळीच्या वेळी सांगितलंय, दोनदा!"

"त्याला लग्नाचं विचारलं होतं कुणीतरी," अध्यक्ष म्हणाले. "आणि तो नाही म्हणाला. मी स्वतः ऐकलंय, तोंडात ट्रे असताना."

ताई पानं उलटत होती. आधी सावकाश, मग भराभरा. "इथंच होतं. मी वाचलंय रे," ती माझ्याकडे बघून म्हणाली. एकदाच वाचलं होतं तिनं, बाविसाव्या वर्षी. त्यानंतर पुस्तक उघडायची गरजच पडली नव्हती. तिचा चेहरा इतका उतरला, की मला माझ्या अकरा चिठ्ठ्या आठवल्या आणि माझीच मला लाज वाटली.

"यात नाहीये ते, ताई," मी म्हणालो. "ते तुझं आहे."

तिनं पुस्तक मिटलं. तिघं मात्र थांबायला तयार नव्हते. त्याला दात मिळाले का? धोब्यानं ठेवून घेतला का? बाईंनी तर तो कुठल्या डोंगरात जन्मला हे दाढेच्या चित्रावर बोटानं दाखवायला सुरुवात केली. शेवटी अध्यक्षांनी हात वर केला. "शिस्त! ताई, तुम्हीच सांगा. लग्नाला तो नाही का म्हणाला?"

"मी नाही सांगणार," ताई म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

अध्यक्ष आपल्या बुटांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मला वाटतं, त्याला तिच्यासमोर हसायची लाज वाटत असावी."

"साफ चूक!" ताई ताडकन उठून म्हणाली, आणि आनंदानं तिला रडू फुटलं.