कौसाक्का आणि लोहपंखाचं दुसरं पर्व

कौसाक्काला गोष्ट शेवटपर्यंत ऐकवत नसे. तिचा नवरा किसनदादा वाचायला बसला, की पहिलं पानभर ती गप्प असायची. मग गोष्टीतला माणूस संकटात सापडला रे सापडला, की ही हात लांब करून आपला पंजा सरळ छापलेल्या ओळींवर ठेवायची. "थांबा. फुडं काय होतंय म्या सांगते." किसनदादा हात उचलून बाजूला करायचा, ती परत ठेवायची. आणि आम्ही वस्तीतली माणसं त्यांच्या ओट्याखाली बसून ओरडायचो, "अगं आक्का, वाचू दे की त्यांला!"

कुठली गोष्ट, तेही सांगते. आता माझी नातवंडं टीव्हीवर ती उडणारी माणसं बघतात, आणि पुढच्या सीझनला कोण मरणार, कोण परत येणार, यावर ताट पुढं ठेवून भांडतात. मी म्हणते, बाळांनो, हे भांडण आमच्या पिंगळी गावात तुमच्या आईबापाच्याही आधी होऊन गेलंय. सत्तरच्या पुढची सालं होती. मी नवी सून होते. टीव्ही कुणी पाहिला नव्हता, पण आमच्याकडे एक साप्ताहिक यायचं. किसनदादा रेल्वेच्या लाइनीवर कामाला, तो परभणीच्या स्टेशनावरून अंक आणायचा. त्यात लोहपंखाची गोष्ट असायची. लोहपंख म्हणजे कारखान्यात लोखंड ठोकणारा साधा माणूस. पण अंगावर ऊन पडलं की त्याच्या पाठीतून लोखंडी पंख फुटायचे आणि तो आगगाडीच्या पुढं उडायचा. अंधारात मात्र त्याची सगळी ताकद जायची. म्हणून दुश्मन त्याला सारखे अंधारात ओढायला बघायचे. मला अक्षरओळख झाली ती वाचून जुन्या झालेल्या त्याच अंकांवर.

किसनदादा चौथी शिकलेला, उंच, सावकाश बोलणारा. गोष्टीला तो फार मानायचा. पहिल्या अंकात जे लिहिलं त्याला लिहिणाऱ्यानं शेवटपर्यंत जागलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. कौसाक्काला अक्षर येत नव्हतं. अंगानं काडीसारखी, तोंडानं फटकळ. तिचा हिशेबच वेगळा होता. "लिवणाऱ्याला पोट हाय का न्हाई? ह्याला मारला तर फुडल्या हप्त्याला त्येचा कागद कोन घेईल? न्हाई मरत त्यो."

किसनदादाला हे फार लागायचं. "अगं, त्यो वाचतोय त्येच्या हिमतीवर. लिवणाऱ्याच्या पोटावर न्हाई."

"आन् हिंमत कुनी दिली त्याला? लिवणाऱ्यानंच ना?"

यावर किसनदादा अंकाची घडी घालून आत निघून जायचा, आणि सगळी वस्ती कौसाक्कावर तुटून पडायची.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला गोष्ट अशा जागी येऊन थांबली की आमच्या घशाखाली घास उतरेना. दुश्मनानं लोहपंखाला फसवून कोळशाच्या खाणीत नेलं आणि वरून डोंगर पाडला. खाली छापलं होतं, 'पहिले पर्व समाप्त. दुसरे पर्व दिवाळीनंतर.' आता दिवाळीपर्यंत काय करायचं? जो तो आपापलं सांगू लागला. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पाखरं येऊन माती उकरतील. कुणी म्हणायचं, खाणीतून दुसरी वाट निघेल. किसनदादा चार दिवस विचार करून म्हणाला, "तितं ऊन न्हाई, म्हंजे ताकद न्हाई. आता त्याला साध्या मानसावानीच निघावं लागनार." कौसाक्का म्हणाली, "कोनीतरी दोरी सोडंल. लिवणाऱ्याला दिवाळीपसवर सवड हाय, सुचंल त्याला." दोघांचं इतकं वाजलं की दोन दिवस किसनदादा तिच्याकडं पाठ करून जेवला.

त्याच उन्हाळ्यात आमच्या वस्तीची विहीर आटली. ती आमची स्वतःची विहीर होती. ती आटली म्हणजे गावातल्या विहिरीवर जाऊन, कुणीतरी आपल्या घागरीत पाणी ओतीपर्यंत लांब उभं राहायचं. ते कुणालाच नको होतं. म्हणून विहीर आणखी खोल न्यायचं ठरलं. उस्मानभाई मिस्त्रीनं सुरुंग लावून खडक फोडून दिला, आणि मुरूम काढायचं काम वस्तीनं घरोघर वाटून घेतलं.

इथंच आमचं चुकलं. टोपली लांब नेऊन टाका, असं मिस्त्री रोज घसा फोडून सांगायचा. पण वस्तीत ठरलं होतं की ज्या घराच्या टोपल्या जास्त, त्या घराची घागर आधी भरणार. लांब जावं तर टोपल्या कमी पडतात. म्हणून जो तो काठालाच ओतू लागला. पूर्वेच्या काठावर मुरमाचा हा एवढा ढीग झाला.

किसनदादाची पाळी आली ती त्याच्या सुट्टीच्या दिवशी. सकाळचं ऊन तापू लागलं होतं. बरोबरचे दोघं वर आले होते, तो एकटाच तळाला होता. आणि खालून त्याची आरोळी आली, "ओल लागली! ओल लागली रे!"

आमच्याकडे रीत होती. ओल लागली की पहिला ओला गोळा वर पाठवायचा आणि सगळ्यांनी त्याचा वास घ्यायचा. टोपली वर येऊ लागली तशी अख्खी वस्ती धावली. आणि धावली कुठं, तर ढिगाच्या बाजूला, कारण ढिगावर चढलं की खालचं चांगलं दिसतं. पायाखालून आधी एक कण्हल्यासारखा आवाज आला. मिस्त्री ओरडला, माणसं मागं उड्या मारू लागली, आणि ढिगासकट काठ खाली गेला.

धूळ बसू लागली. मग खालून खोकला ऐकू आला.

सगळी माणसं परत काठाकडं झेपावली. उस्मानभाई हातात पहार घेऊन आडवा आला. "पीछे हटो! सगळे पीछे! एक पाय बी पुढं आला तर बाकीची माती त्याच्यावर जाईल!" मग तो समोरच्या बाजूनं दोराला धरून उतरला, वाकून बघितलं आणि वर आला. कौसाक्का त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"जिंदा है, बहेन," तो म्हणाला. "सुरुंगानं खडकात कपार पडली होती, तिच्यात बसलाय. कंबरपर्यंत मातीत. डोक्यावर धोंडा आडवा अडकलाय, त्यानंच वाचवला. पण ह्यो हलला तर धोंडा हलेल. आन् पाझर चालू झालाय. पाणी चढतंय."

ज्या पाण्यासाठी विहीर खणली, ते आता त्याच्या कमरेला लागलं होतं.

"किती येळ लागंल?"

"पहार लावता येत नाही. हातानंच माती काढावी लागेल. तोवर त्याला जागा ठेवायला पाहिजे. झोपला तर मान पाण्यात जाईल. कुणीतरी बोलत रहा. पण रडू नका, घाबरवू नका."

मिस्त्रीनं एक बाज मागवली आणि पाय वर करून काठावर पालथी घातली, म्हणजे भार एका जागी पडणार नाही. वस्तीत सगळ्यांत हलकी कौसाक्काच. ती त्या बाजेवर पोटावर झोपली आणि डोकं विहिरीत काढलं. मला मागं आडवं व्हायला सांगितलं आणि तिचे घोटे माझ्या हातात दिले. तिथली माती ढासळली तर मी तिला मागं ओढायचं होतं.

"आवं, ऐकू यायलंय का?"

"यायलंय." आवाज रांजणातून आल्यासारखा.

"लय दुखायलंय का?"

"पाय कळंना झालेत." मग जरा थांबून, "कौसे, पोरीला शाळंतून काढू नको बरं."

"ते घरी बोलू."

"आन् आईला—"

"घरी बोलू म्हनलं ना!"

खाली मिस्त्री आणि दोन गडी ओंजळीनं माती काढून टोपलीत भरत होते. किसनदादाचा आवाज मंद होऊ लागला. "झोप यायलीय गं," तो म्हणाला.

माझ्या मुठीतले घोटे एकदम ताठ झाले. आणि मग कौसाक्का ओट्यावर बसल्यासारख्या आवाजात म्हणाली, "मी काय म्हनते, त्यो लोहपंख मेला बरं का."

खालून काही नाही.

"खाणीतच मेला. दुसऱ्या पर्वात त्याचा भाऊ येतोय."

"भाऊ?" कपारीतून आवाज आला. "भाऊ कुठनं आनलास? एकलाच हाय त्यो. पयल्याच अंकात लिवलंय."

"चुलत असंल."

"चुलतबी न्हाई!"

"आन् त्यो भाऊ दुश्मनाच्या पोरीसंगं लगीन लावतोय. धा अंक निसतं लगीनच. हळद, मांडव, जेवनावळ."

"कौसे, अक्कल हाय का तुला?"

"मंग पंखाचं काय करावं म्हन्ता? भावाला बसतेत का बघावं लागंल. ढिले झाले तर सुतळीनं बांधतेल."

"अगं पंख आंगातून फुटतेत त्याच्या! बांधायचे नस्तेत!"

"दादा, हलू नका!" उस्मानभाई खालून ओरडला. "तोंडानं भांडा, अंगानं नको!"

लांब उभ्या असलेल्या वस्तीला फक्त कौसाक्काचंच बोलणं ऐकू जात होतं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "येडी झाली गं माय. नवरा गाडलाय आन् ही लगीन लावायलीय."  कौसाक्काचा आवाज हसत होता, आणि तिचे पाय असे थरथरत होते की मला दोन्ही हातांनी आवळून धरावे लागत होते.

ऊन डोक्यावर आलं. पाणी किसनदादाच्या छातीला लागलं. कौसाक्कानं लोहपंखाच्या भावाला दोन पोरं दिली, दुश्मनाला परभणीत दुकान टाकून दिलं. किसनदादा आधी रागानं, मग नुसतं "न्हाई… न्हाई" इतकंच उत्तर देत होता. मग तेही थांबलं.

"लोहपंखाची बायको दुसरा घरोबा करती," ती म्हणाली.

काही नाही.

"हत्ती उडायलाय."

काही नाही. खाली मिस्त्रीनंही हात थांबवले आणि वर बघितलं.

कौसाक्काच्या तोंडचं हसू गेलं. "आवं," ती म्हणाली, "मला काय सुचंना आता. तुमीच सांगा फुडचं. म्या मधी बोलत न्हाई. तुमची आन, एक शबुद बोलत न्हाई."

किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. मग अगदी खालून काहीतरी गुणगुणल्यासारखं सुरू झालं. मला शब्द लागेनात, इतका बारीक आवाज. पण किसनदादा सांगत होता. कौसाक्कानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तो मध्ये थांबला की बोळा काढून ती नुसता हुंकार द्यायची, "हं," आणि परत कोंबायची. उभ्या जन्मात तिनं कुणाच्या गोष्टीला हुंकार दिला नव्हता.

पाणी गळ्याशी आलं तेव्हा मिस्त्रीचा हात किसनदादाच्या काखेखाली पोचला. धोंड्याला दोर लावून चौघांनी तो समोरच्या बाजूनं तोलून धरला आणि किसनदादाला बाहेर ओढलं. वर आणला तेव्हा त्याला चिखलाचाच रंग आला होता. डोळे मिटलेले होते, आणि ओठ अजून हलत होते.

बैलगाडीतून त्याला दवाखान्यात न्यायची तयारी होईपर्यंत कौसाक्का रडली नाही. ती काठाला उरलेल्या ढिगाशी गेली, टोपली भरली आणि पार लांब ओढ्यापाशी नेऊन ओतली. परत आली, भरली, परत ओतली. मग एकेक करून सगळी वस्ती टोपल्या घेऊन तिच्या मागं लागली. कुणी कुणाची टोपली मोजली नाही.

किसनदादा वाचला. एक पाय अधू झाला, तेव्हा त्याला लाइनीवरून काढून फाटकावर बसायचं काम दिलं. दिवाळीनंतर दुसरं पर्व आलं. कुण्या साधूनं कमंडलूतलं पाणी शिंपडलं, डोंगर दुभंगला, लोहपंख उडाला. संपलं. किसनदादानं अंक खाली ठेवला आणि दुसरीकडं बघत बसला. वस्ती भडकली. "दादा, ह्याच्यापरीस तुमी विहिरीत सांगितली तीच सांगा."

पण त्याला एक अक्षर आठवत नव्हतं. "ह्या बयेनं लावल्याली लग्नं तेवढी ध्यानात हायती," तो म्हणायचा. मग लोक कौसाक्काच्या मागं लागले. ती म्हणायची, "सांगंन की. सबर करा जरा." असं करत सालं गेली. ती गोष्ट ती कुणाला का सांगत नाही, यावर माणसं वेगवेगळं बोलायची. किसनदादा मात्र भेटेल त्याला ऐटीत सांगायचा, "जिंदगीत एक डाव माझी गोष्ट तिनं मधी न बोलता ऐकली. मंग कशी झाली असंल, तुमीच समजा."

तो गेल्यावर दोनएक वर्षांनी कौसाक्का अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले. इकडचं तिकडचं बोलून झालं, तेव्हा म्हटलं, "आक्का, आता तरी सांग. काय सांगितलं होतं दादानं?"



"ते हुते तवर बोलता येत नव्हतं मला," ती म्हणाली. "लय खूश हुते त्या गोष्टीवर. पर म्या ऐकलीच न्हाई गं ती. एक अक्षर ऐकलं न्हाई. निसता आवाज ऐकत हुते. चालू हाय ना, तेवढंच."