डॉक्टरांचं बोट

किस्से गोळा करायला मी कधी गेलो नाही. फिजिक्स शिकवून निवृत्त झालो, आणि ओळखीच्या डॉक्टर श्रीकांतांनी म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या आपल्या छोट्या डेंटल क्लिनिकची एक्स-रे खोली सुरक्षित आहे का, ते बघायला बोलावलं. तेव्हापासून दर फेरीला मी तिथे एक सूचना ठेवून येतो आणि एक किस्सा घरी आणतो. सूचना टिकतात का? मला शंकाच!

डॉक्टर जुन्या म्हैसूरकर मराठी घराण्यातले. माणूस सोन्यासारखा, पण एक्स-रे काढताना पेशंटच्या तोंडातला सेन्सर स्वतःच्या बोटाने धरायचे. प्रत्येक पेशंटला तेच बोट, आणि दर वेळी त्यावर किरणं! पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"अहो, होल्डर मिळतो त्याचा!"

"अय्यो, सुम्ने कशाला भिता सर? हे बोटच फर्स्टक्लास होल्डर!"

मला वाटलं, उगाच घाबरणारा मीच तर नाही?

गिरिजा त्यांची असिस्टंट. अंगावर किती किरणं पडली ते नोंदवणारा बॅज मी तिच्यासाठी मागवायला लावला. रिपोर्ट आला तो भयंकर! तसाच धावत गेलो, तर बॅज मशीनशेजारी खिळ्याला लटकलेला.

"हरवू नये म्हणून तिथेच ठेवते सर. मी बाहेर उभी असते!"

"म्हणजे ड्यूटी बॅजच करतो!" डॉक्टर म्हणाले.

बॅज गिरिजाच्या अंगावर आला, पुढचा रिपोर्ट स्वच्छ आला. बोट मात्र जिथल्या तिथे!

किरणं अडवणारा शिशाचा एप्रन घडी घालून ठेवला की आतून तडकतो. दसऱ्यात आयुधपूजेला गेलो, तर मशीनला झेंडूची माळ आणि शेजारी एप्रन, सिल्कच्या साडीसारखी चापूनचोपून घडी, वर कुंकू! मी देवासमोरच ओरडलो. पुढच्या दसऱ्याला एप्रन दांडीवर सरळ टांगलेला. कुंकू दांडीलाही!

एकदा नजरबादची एक आजी रडणाऱ्या नातीला सोडून बाहेर जाईना. तिच्यामागे अख्खं कुटुंब आत. मी एप्रन पुढे केला. "एकच आहे. घालेल तो थांबेल!" आजीने तो चढवला, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आमचा आज्जा पलटणीत होता. त्याला असलं चिलखत कुठलं!" बाकीचे मुकाट्याने बाहेर!

आणि परवा आमच्या हिची दाढ दुखायला लागली. तोंडात सेन्सर टिकेना, हिला उमासे येऊ लागले. मला राहवलं नाही. पुढे झालो आणि सेन्सर बोटाने धरला.

"सर, बेरळु! बोट काढा आधी!" डॉक्टर गरजले. "होल्डर काय शोभेला आणलाय मी? आणि तुम्ही इथे कशाला? बाहेर व्हा!"

दार माझ्या नाकासमोर बंद झालं.

थोड्या वेळाने ही गाल धरून बाहेर आली. माझ्याकडे बघतच राहिली.

"दाढ माझी दुखतेय, आणि तुम्ही हसताय काय असे?"