कोरडा पाट

लोणावळ्यात आमच्या घरी वीज नवीन होती, तेव्हा येणारा वायरमन इंदुरीचा होता. आल्या आल्या तो एवढंच मागायचा, "वैनी, कोरडा पाट द्या." पाटावर उभा राहिल्याशिवाय तो तारेला हात लावत नसे. जेवायचा पाट न्हाणीघरात जातो म्हणून आमच्या हिच्या कपाळाला दर वेळी आठ्या पडत.

एकदा वाफ बाहेर टाकणाऱ्या पंख्याचं बटण मी स्वतःच दुरुस्त केलं. पंखा फिरायचा, बंदही व्हायचा. पण बंद पंखा पुसताना हिला झटका बसला. थोडक्यात वाचली.

वायरमनला बोलावलं. पाटावर चढून त्यानं बटण उघडलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तारा उलट्या जोडल्या होत्या. बटण बंद केलं तरी पंख्यात वीज राहत होती. तारा बदलून त्यानं बंद पंख्यावर स्वतःचा तळहात टेकवला.

"आता पुसा खुशाल."

"काय झालं होतं?" हिनं विचारलं.

"बटन सादळलं व्हतं, वैनी. हितल्या हवेत व्हतंयच."

माझा जीव भांड्यात पडला. हिनं पाट धुऊन पुसला, स्वयंपाकघरात मांडला आणि त्यालाच जेवायला बसवलं. वाढायला मात्र मला लावलं.