निर्मलाचं अपुरं औषध

दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग करत होतो, तेव्हा पुण्याहून फोन आला. निर्मला, माझी धाकटी बहीण, प्रयोगशाळेत काम करता करता कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. मी कळंबहून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही आता महिना झाला... आज कुठं लिहायला बसवतंय.

आमची आई नव्वदच्या दशकात क्षयानं गेली. गोळ्यांनी तिला कावीळ झाली, अन्नाचा वास नकोसा झाला आणि आम्हाला न सांगता तिनं गोळ्या सोडल्या. निर्मला तेव्हा बारावीत होती. दुखणं छातीत, मग औषध आधी पोटात कशाला, हे तिच्या डोक्यात बसलं. त्यापायी ती औषधशास्त्र शिकली, संशोधनात गेली. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या कणांत क्षयाचं औषध भरायचं आणि श्वासातून थेट फुप्फुसात पोचवायचं, हे तिचं काम. इतका बारीक कण एकटा सोडला तर उच्छ्वासाबरोबर परत येतो, म्हणून ती ते कण साखरेच्या भुकटीत बांधायची. मला कळावं म्हणून सांगायची, की भुकटी म्हणजे एसटी. फुप्फुसाच्या थांब्यावर कण उतरतात आणि औषध थोडं थोडं, बरेच दिवस सोडत राहतात.

मग मलाच क्षय झाला. आईसारख्याच माझ्याही पोटात गोळ्या ठरेनात. उंदरांना निर्मलाच्या औषधाचा गुण येतो, हे मला ठाऊक होतं.

"तुझं औषध दे की मला," मी म्हणालो.

"दादा, माणसाला ते किती सोसतं, आमाला अजून ठावं न्हाई. मी न्हाई देणार."

"आईला बी न्हाईच म्हणली असतीस?"

"व्हय."

रडत होती, पण बधली नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं डॉक्टरांना गाठून माझ्या गोळ्या बदलून घेतल्या, रजा काढून दोन महिने कळंबला राहिली. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची, गोळी गिळेपर्यंत हलायची नाही. मी मुकाट्यानं गिळायचो. बरा होऊन गोळ्या बंद झाल्या त्या दिवशी तिला फोन करून एवढंच विचारलं, गावाकडं कधी येतीस?

तिची भुकटी माणसांपर्यंत पोचलीच नाही. मागच्या आठवड्यात तिचं सामान आणायला प्रयोगशाळेत गेलो. टेबलावर तिची प्रयोगांची वही होती, ती मागितली. तिच्या हाताखाली शिकणारी जुन्नरची शबाना घुटमळली. म्हणाली, "दादा, वही इथंच लागंल. काम चालू आहे."

मी निर्मलानं लिहिलेलं शेवटचं पान उघडलं. तिच्या तिरक्या अक्षराखाली, एकही ओळ न सोडता, शबानाच्या गोल अक्षरात निर्मला गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची नोंद होती. वही मिटून मी ती होती तिथंच ठेवली.