न कापलेली मेंदी

कुंपणाची मेंदी फुलली की तिचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. आज शेजारच्या नव्या सूनबाईनं विचारलं, "काकू, आमच्या मेंदीला का नाय येत अशी फुलं?"

"तुम्ही कापता म्हणून," मी म्हटलं, आणि ती जुनी सकाळ आठवली.

माळ्यानं अर्धं कुंपण कापलं आणि आतलं बुलबुलाचं घरटं उघडं पडलं. मी त्याला थांबवलं, पण बुलबुल परत फिरकलीच नाही. आत गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची अंडी होती. बोट लावलं तर गार लागली.

आठवड्यानं माळी उरलेलं कापायला आला, तेव्हा पाचोडहून मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. त्याच्यादेखत म्हणाल्या, "टाक ती अंडी बाहेर. सोडलेली अंडी दारात लई वाईट. तुझी कूस उजवली नाय अजून, आन् वरून हे!"

माळी मान खाली घालून उभा राहिला. मी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

"अंडी इथंच राहतील, जाऊबाई. आणि हे कुंपण आता कुणी कापायचं नाही."

तेव्हा वाटलं, मी अंड्यांसाठी भांडतेय. पण त्यातून पिल्लं निघणार नव्हती, हे मलाही ठाऊक होतंच की.

मला मूल झालं नाही. कुंपण मात्र डोक्याच्या वर गेलंय, वेडंवाकडं, पांढऱ्या तुऱ्यांनी लगडलेलं. जाऊबाई आजही नाकाला पदर लावूनच फाटकातून आत येतात. मी त्यांची खुर्ची मुद्दाम कुंपणापाशीच टाकते.