आमचा हीलर

अकोल्यात आमची पाच जणांची टोळी आहे. सगळे चाळिशीतले. दर रविवारी दुपारी आपापल्या घरून आम्ही ऑनलाइन गेममध्ये राक्षस मारतो. त्यात जखमींना बरं करणारा, म्हणजे हीलर, कायम आमच्यातला एकच जण असायचा. तो कॉलेजात लायब्ररियन आणि हेडफोनमध्ये अखंड कुरकुर. "मले काय तुमची नर्स समजून राहिले का? जिंकलं तं तुमी, हारलं तं मी!"

आम्ही हसायचो. ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं.

एका रविवारी ऐन लढाईत त्यानं बरं करायचे मंत्र थांबवले आणि तो नुसता उभा राहिला. दोन मिनिटांत आम्ही चौघं आडवे. मी ओरडलो, "अबे, काय करून राहिला तू?"

"पाहून राहिलो," तो शांतपणे म्हणाला. "तुमी आपोआप बरे होता का ते."

मला लाज वाटली. पुढच्या रविवारी मी हीलर झालो आणि त्याला तलवार दिली. तो इतका खूश झाला की सरळ राक्षसांच्या कळपातच घुसला. धावाधाव करून मी त्याला तीनदा जिवंत केलं. चौथ्यांदा जरा उशीर झाला, तर हेडफोनमध्ये त्याचाच आवाज घुमला, "हीलर झोपला का बे?"